काळी मेंदी ही मेंदी नव्हे
अकाली पिकलेले केस झाकण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

विशी ओलांडली न ओलांडली तोच भांगात, कानशिलाजवळ दोन-चार पांढरे केस दिसू लागतात. आई म्हणते, डोक्याला तेल लावत नाहीस म्हणून. शेजारीण म्हणते, पित्त वाढले असेल. मित्र चेष्टा करतात. मुलीचे लग्न जमवायचे असेल तर घरात काळजीची कुजबुज सुरू होते. मग कोपऱ्यावरच्या दुकानात माळेसारखे लटकणारे एक स्वस्त पाकीट घरी येते. त्यावर हिरव्या पानांचे चित्र असते आणि ‘काळी मेंदी’, ‘हर्बल’ असे शब्द असतात. वाटीत पावडर कालवली, डोक्याला लावली, अर्ध्या तासात केस काळेभोर.

केस पिकणे हा आजार नाही आणि ते झाकावेसे वाटणे यात लाजण्यासारखे काही नाही. पण त्या पाकिटात नेमके काय आहे, हे बहुतेक घरांत कोणी तपासून पाहिलेले नसते. पानांचे चित्र पाहून आपण विश्वास ठेवतो. या लेखात तीन गोष्टी पाहू : केस लवकर का पिकतात, पाकिटात काय असते आणि रंग लावायचाच तर धोका कमी कसा करायचा.

केस पिकतात म्हणजे काय होते

केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य बनवतात आणि वाढणाऱ्या केसात भरतात. मेलॅनिन दोन प्रकारचे असते. एकामुळे केस काळे किंवा तपकिरी दिसतात, दुसऱ्यामुळे तांबडे-पिवळसर. आपल्या केसांत पहिल्या प्रकाराचे प्रमाण खूप जास्त असते, म्हणून ते काळे. वय वाढते तशा या पेशी थकतात, कमी होतात. मग नवा येणारा केस रंगाविना येतो. तोच पांढरा केस. म्हणजे काळा केस रातोरात पांढरा होत नाही. तो मुळातूनच पांढरा उगवतो.

म्हणूनच दोन समजुती सोडून द्याव्यात. पहिली, एक पांढरा केस उपटला की दहा येतात. प्रत्येक केसाचे मूळ वेगळे असते. एक उपटल्याने शेजारचा पिकत नाही. पण वारंवार उपटल्याने मूळ दुखावते आणि तेथे केस विरळ होऊ शकतो. दुसरी समजूत, अमुक तेल लावले की पांढरे केस पुन्हा काळे होतात. तेलाने केस मऊ राहतो, तुटत नाही. पण डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्यात तेल रंग भरू शकत नाही. अशा जाहिरातीच्या महागड्या बाटलीवर घामाचा पैसा घालवू नये.

लवकर म्हणजे किती लवकर

आशियाई लोकांत साधारण 25 वर्षांच्या आत केस पिकू लागले तर त्याला अकाली पिकणे म्हणतात. त्याचे सर्वांत मोठे कारण आनुवंशिकता. आई-वडील, मामा, आत्या यांचे केस लवकर पिकले असतील तर मुलांचेही पिकण्याची शक्यता असते. यात कोणाचा दोष नाही आणि त्यावर औषधही नाही.

मात्र काही वेळा पांढरे केस शरीरातल्या एखाद्या कमतरतेची खूण असतात. बी-12 या जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तातले लोह कमी असणे आणि थायरॉईडचा बिघाड ही त्यातली नेहमी आढळणारी कारणे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत केस लवकर पिकण्याचे प्रमाण जास्त दिसते. अति ताणाचाही संबंध असू शकतो. 2020 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की तीव्र ताणामुळे रंगपेशींचा साठा संपतो.

केस पिकण्याबरोबर पुढीलपैकी काही असेल तर रंगाचे पाकीट आणण्याआधी दवाखान्यात जावे : हातापायांना मुंग्या येणे, सतत थकवा, जीभ लाल होऊन झोंबणे, विसराळूपणा, जिना चढताना दम लागणे, कारण नसताना वजन वाढणे किंवा घटणे, पाळी अनियमित होणे. सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात रक्ताची साधी तपासणी होते. तीत हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींचा आकार कळतो. त्यावरून थायरॉईड किंवा बी-12 ची तपासणी हवी की नाही, हे डॉक्टर ठरवतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-12 कमी होऊ शकते. त्यांनी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

बी-12 भाजीपाल्यात नसते. ते अंडी, मासे, मटण, दूध-दह्यात असते. कलेजीत तर भरपूर. त्यासाठी महागडे काही आणावे लागत नाही. आठवड्यातून काही वेळा अंडे, कधी कलेजी, सुकट-बोंबील आणि जमेल तेवढे दूध-दही, एवढे पोटात गेले तरी फरक पडतो. कमतरता जास्त असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शन लागते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. कमतरता भरून निघाल्यावर काही जणांचे नवे केस पुन्हा काळे येतात. सर्वांचेच येतील असे नाही. पण मुंग्या, थकवा आणि नसांचे नुकसान थांबते, आणि ते केसांहून महत्त्वाचे आहे.

लहान मुलांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलाचे काळे केस तांबूस, फिके, विरळ होऊ लागले, सहज उपटून येऊ लागले आणि मूल किरकिरे झाले असेल किंवा त्याच्या पायांवर सूज असेल, तर ‘उन्हाने केस लाल झाले’ म्हणून सोडून देऊ नये. प्रथिनांच्या कमतरतेने, म्हणजे कुपोषणाने असे होते. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंना दाखवून त्याचे वजन करून घ्यावे.

मेंदीचा खरा रंग

आता रंगाकडे वळू. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे द्रव्य असते. ते केसातल्या केराटीन या प्रथिनाला घट्ट चिकटते. त्याचा रंग एकच : नारिंगी-तांबडा. चहाचे पाणी घाला, लोखंडी कढईत रात्रभर भिजवा, आवळा पावडर टाका, रंग थोडा गडद होईल. पण एकटी मेंदी कधीही काळा रंग देत नाही.

स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये जन्मतःच तांबड्या केसांची माणसे जगातल्या इतर भागांपेक्षा जास्त आढळतात. एमसी1आर नावाच्या जनुकातील फरकामुळे त्यांच्या केसांत तांबडे रंगद्रव्य जास्त बनते. अशा व्यक्तीच्या डोक्यात चार पांढरे केस आले आणि तिने साधी मेंदी लावली, तर ते चार केस तांबडे होऊन बाकीच्यांत मिसळून जातात. तिचे काम मेंदीने भागते. आपले केस काळे. आपण तीच मेंदी लावली की काळे केस काळेच दिसतात आणि पांढरे तेवढे केशरी चमकतात. झाकायला गेलो आणि उठून दिसले, अशी गत होते. म्हणून आपल्याकडे मागणी काळ्या रंगाची असते. मेंदी ती पुरी करू शकत नाही. मग ‘काळी मेंदी’ काळी होते कशाने?

पाकिटात काय असते

बाजारातल्या बहुतेक काळ्या मेंदीत आणि कलपाच्या पावडरीत, क्रीममध्ये पॅराफिनिलीन डायअमाइन नावाचे रसायन असते. थोडक्यात त्याला पीपीडी म्हणतात. हवेशी किंवा पेरॉक्साइडशी संयोग होऊन ते केसाच्या आत गडद रंग तयार करते. रंग पक्का बसतो, धुतल्याने जात नाही, म्हणून ते जगभर वापरले जाते. पण त्वचेला ॲलर्जी करणाऱ्या रसायनांतही त्याचे नाव वरचे आहे. युरोपात डोक्याला लावताना केसांच्या रंगातील पीपीडीचे प्रमाण 2 टक्क्यांहून जास्त असू नये असा नियम आहे आणि असे रंग 16 वर्षांखालील मुलांसाठी नाहीत असा इशारा पाकिटावर द्यावा लागतो.

ओळखायची सोपी खूण अशी. खरी मेंदी हिरवट, पाल्याचा वास असलेली असते. तिला भिजायला आणि रंग चढायला काही तास लागतात, आणि पांढरा केस नारिंगी होतो. जी ‘मेंदी’ 20-30 मिनिटांत केस काळे करते, तिच्यात रसायन आहे असेच समजावे.

पाकिटाची मागची बाजू वाचावी. अक्षर बारीक आणि इंग्रजीत असते, तेव्हा शाळेत-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीला वाचायला सांगावे. फिनिलीन डायअमाइन, टोल्यूइन डायअमाइन, पीपीडी यांपैकी काही लिहिले असेल तर तो रासायनिक कलप आहे, पुढच्या बाजूला कितीही पाने छापलेली असोत. ‘अमोनियाविरहित’ म्हणजे पीपीडीविरहित नव्हे. अमोनिया वेगळा, पीपीडी वेगळे. आणि ज्या पाकिटावर घटकांची यादीच नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ते घेऊच नये.

आपल्या देशातील नियमांनुसार पीपीडी असलेल्या कलपावर इशारा छापावा लागतो : याने काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी करावी, आणि भुवया-पापण्यांना हा रंग लावू नये, कारण त्याने अंधत्व येऊ शकते. हा इशारा इंग्रजीसोबत स्थानिक भाषेतही हवा. दिसत नसेल तर दुकानदाराला विचारावे. विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

ॲलर्जी कशी दिसते

कलप लावल्यावर लगेच काही झाले नाही म्हणजे तो मानवला असे नाही. ही ॲलर्जी बहुधा एक ते तीन दिवसांनी उठते. टाळूला खाज, कानामागे आणि मानेवर लाली, पाणी सुटणारे पुरळ, पापण्या सुजून डोळे मिटणे, असे तिचे रूप. ‘मी तर दहा वर्षे लावते, मला काय होणार’ हा भरवसाही खरा नाही. शरीर कधीही या रसायनाला विरोध करू लागते. एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा जन्मभर राहते आणि पुढच्या वेळी त्रास वाढू शकतो. जत्रेत हातावर काढतात त्या काळ्या टॅटूतही पुष्कळदा पीपीडी असते. तेथे पुरळ उठले असेल तर त्या माणसाने केसांना कलप लावू नये.

काहींना खाज येत नाही, पण कपाळ, कानशिले, गाल हळूहळू काळपट पडतात. लोक उन्हाला दोष देतात आणि कलप लावत राहतात. काहींच्या कपाळावर किंवा टाळूच्या कडेला पांढरे डाग येतात. मग ‘कोड उठले’ म्हणून घरात रडारड होते, माणसे टाळू लागतात. हे डाग कलपातल्या रसायनानेही येऊ शकतात. कोड असो वा रसायनाचा डाग, दोन्ही स्पर्शाने पसरत नाहीत. कलप थांबवावा आणि सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावे.

लावायचेच असेल तर

थोडेच केस पिकले असतील तर रंगाची गरज आहे का, हे आधी पाहावे. भांग बदलला तरी दोन-चार केस झाकतात. लहान कात्रीने ते मुळाशी कापता येतात. तेवढ्या चार केसांसाठी पूर्ण डोक्याला रसायन चोपडण्याचे कारण नाही.

तांबूस छटा चालत असेल तर साधी मेंदी सर्वांत सुरक्षित. काळपट रंग हवा असेल तर मेंदीनंतर इंडिगो, म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची पावडर, लावण्याची जुनी पद्धत आहे. आधी मेंदी लावून धुवायची. मग इंडिगोची पावडर साध्या पाण्यात कालवून 10-15 मिनिटांनी लावायची आणि तासाभराने धुवायची. नारिंगीवर निळा चढून तपकिरी-काळा रंग येतो. तो दुसऱ्या दिवशी आणखी गडद होतो. ही पावडर म्हणजे कपड्यांना घालायची नीळ नव्हे. ती डोक्याला अजिबात लावू नये. इंडिगोच्या पाकिटावरही घटक वाचावेत, कारण त्यातही पीपीडी मिसळलेले असू शकते. पानांचीही ॲलर्जी क्वचित होते, म्हणून चाचणी येथेही करावी.

तान्ह्या बाळाच्या हातापायांना किंवा डोक्याला मेंदी लावू नये. काही बाळांच्या रक्तात जी6पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते. मेंदीमुळे त्यांच्या रक्तपेशी फुटून कावीळ आणि तीव्र रक्तक्षय होऊ शकतो.

रासायनिक कलपच वापरणार असाल तर हे नियम पाळा :

1. प्रत्येक वेळी आधी चाचणी करा. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला कालवलेल्या रंगाचा छोटा ठिपका लावा, वाळू द्या आणि 48 तास वाट पाहा. खाज, लाली, फोड काहीही दिसले तर तो रंग आपल्यासाठी नाही. लग्न किंवा जयंतीच्या आदल्या रात्री घाईत कलप लावतात, तेव्हा चाचणीला वेळच उरत नाही. दिवस आधीच ठरवा.

2. टाळूवर जखम, फोड, उवांमुळे खाजवून झालेले ओरखडे असतील तर थांबा.

3. हातमोजे घाला. कपाळाच्या कडेला, कानांवर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा.

4. रंग केसांना लावा, टाळूला चोळू नका. पुढच्या वेळी नव्याने उगवलेला पांढरा भागच रंगवा, पूर्ण डोके नव्हे.

5. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. ठेवून झोपू तर मुळीच नका. जास्त वेळ ठेवल्याने रंग चांगला बसतो हा गैरसमज आहे.

6. भुवया, पापण्यांना कधीही लावू नका. दाढी-मिशीची त्वचा नाजूक असते आणि रंग तोंडात जाऊ शकतो, तेथेही टाळा.

7. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, न लावलेले बरे.

8. डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

लावल्यानंतर खाज-लाली आली तर डोके सौम्य शाम्पूने नीट धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. जाताना पाकीट सोबत न्या. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकू लागला तर वाट पाहू नका, 108 ला फोन करा.

पोटात गेले तर

एका खोलीच्या घरात मीठ, मसाला, औषधे आणि कलपाचे पाकीट बहुधा एकाच फळीवर असते. हे धोक्याचे आहे. पीपीडी पोटात गेले तर तोंड, जीभ आणि गळा सुजतो आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. पुढे स्नायू झिजतात, लघवी गडद रंगाची होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. याला उतारा देणारे खास औषध नाही. श्वासनलिका मोकळी ठेवणे, सलाईन, गरज पडल्यास डायलिसिस, हे वेळेत मिळाले तर जीव वाचू शकतो.

म्हणून कोणाच्याही पोटात कलप गेला तर उलटी करवू नका, मीठ-पाणी, दूध, ताक यांत वेळ घालवू नका. श्वास नीट चालू असला तरी लगेच 108 बोलवा किंवा मोठ्या रुग्णालयात न्या आणि पाकीट दाखवा. मांत्रिकाकडे नेऊन घालवलेला एक तास महाग पडतो. घरात पाकिटे साठवू नका. एकच आणा, वापरा, उरलेले टाकून द्या. तोवर ते मुलांच्या हाताला न लागेल असे कुलपात ठेवा. घरात कोणी फार निराश असेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर तिला किंवा त्याला एकटे सोडू नका. 14416 या सरकारी टेली-मानस क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते.

सलून आणि पार्लरमध्ये काम करणाऱ्यांसाठी

वस्तीतली कितीतरी मुले सलूनमध्ये आणि मुली पार्लरमध्ये काम करतात. ग्राहकाला महिन्यातून एकदा लागणारा रंग त्यांच्या हाताला रोज लागतो. बोटांना भेगा, खाज, नखांभोवती चट्टे हा त्यांचा नेहमीचा त्रास असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तन व्यवसायात रोज होणारा या रसायनांचा संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवला आहे. घरी स्वतःपुरता कलप लावणाऱ्यांबाबत असा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा तिला मिळालेला नाही. म्हणून कामगारांनी प्रत्येक ग्राहकाला नवे हातमोजे, उघडी खिडकी किंवा पंखा, आणि कामानंतर हात धुऊन खोबरेल तेल, एवढी सवय लावावी. हातमोजे मालकाकडून मागून घ्यावेत. ते कामाचे साधन आहे, मेहेरबानी नाही.

शेवटी, रंग लावायचा की नाही हे ज्याच्या डोक्यावर केस आहेत त्याने ठरवावे. सासू, नवरा, जाहिरात किंवा मुलगी पाहायला आलेले पाहुणे यांनी नव्हे. पुढच्या महिला मंडळाच्या बैठकीला प्रत्येकीने घरातले कलपाचे पाकीट घेऊन यावे आणि मागची बाजू सर्वांसमोर मोठ्याने वाचावी. अर्ध्या तासाचे काम आहे. कोणत्या पाकिटात पाने आहेत आणि कोणत्यात पानांचे नुसते चित्र, हे तेथेच कळेल.